दोन बाइटांचा सातबारा

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. सोयाबीनवर फवारणी आज करायची की दोन दिवस थांबायचं, कापसात साचलेलं पाणी कधी काढायचं, असल्या गोष्टी त्यात असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत तो जिंतूर-पाथरीच्या गावांपर्यंत पोचतो. त्यामागच्या अंदाजाचं बरंचसं गणित मात्र पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या महासंगणकावर होतं. २०१८ पासून तिथे ‘प्रत्युष’ होता, त्याच्यात इंटेलचे प्रोसेसर. २०२४ मध्ये ‘अर्का’ आला, त्याच्यात एएमडीचे. कंपनी बदलली, तरी प्रोग्रॅमच्या फाइलवरचा एक आकडा बदलला नाही. तो आकडा ६२.

तो कुठून आला, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

प्रोग्रॅम म्हणजे शेवटी प्रोसेसरला दिलेल्या आज्ञांची रांग, आणि आज्ञा म्हणजे नुसते आकडे. एका प्रोसेसरला जो आकडा ‘बेरीज कर’ म्हणून कळतो, तोच दुसऱ्याला भलतंच काही सांगतो. म्हणून फाइल चालवण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ती कोणासाठी लिहिली आहे हे ठाऊक असावं लागतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस युनिक्सच्या ‘सिस्टिम व्ही रिलीज ४’बरोबर यासाठी एक नवा साचा आला: ‘एक्झिक्युटेबल अँड लिंकेबल फॉरमॅट’, थोडक्यात एल्फ. फाइलचा पहिला बाइट १२७. त्यामागे ई, एल, एफ ही तीन अक्षरं. मग फाइल ३२ बिटी की ६४ बिटी, बाइट कुठल्या क्रमाने वाचायचे, अशा नोंदी. सुरुवातीचे अठरा बाइट सोडले की पुढच्या दोन बाइटांत प्रोसेसरचा क्रमांक. सातबाऱ्यावर पीक कोणतं आहे हे नंतर. आधी गट नंबर जुळतो का ते बघतात. तसंच हे.

लिनक्समध्ये एल्फ फाइल उचलून मेमरीत मांडणारा कोड एरिक यंगडेल यांनी १९९३ मध्ये लिहिला. तो भाग सगळ्या प्रोसेसरांना सामाईक आहे. पण प्रत्येक प्रोसेसरसाठी एक छोटी वेगळी फाइल असते: कुठला क्रमांक स्वीकारायचा, पान किती मोठं धरायचं, प्रोग्रॅम सुरू होण्याआधी कुठले रजिस्टर पुसून कोरे करायचे. कर्नलच्या अवाढव्य पसाऱ्यात ही फाइल अगदीच किरकोळ दिसते. पण त्यातली क्रमांक तपासणारी एक ओळ ‘नाही’ म्हणाली, की पडद्यावर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येतो आणि विषय संपतो.

या आकड्यांचा इतिहास वाचायला मजा येते, कारण त्यात कंपन्यांची सगळी महत्त्वाकांक्षा सांडलेली दिसते. १ हा क्रमांक एटी अँड टीच्या प्रोसेसरचा. आज तो कुणाला आठवतही नाही. २ स्पार्कचा, ३ इंटेल ३८६ चा. लिनक्स अल्फा प्रोसेसरवर नेलं तेव्हा अधिकृत क्रमांक ठरला नव्हता, म्हणून तात्पुरता म्हणून ३६९०२ घेतला. समितीचा निर्णय होईपर्यंतच वापरायचा, अशी टीप कोडमध्ये लिहून ठेवली. तो तात्पुरता आकडा अजूनही तिथेच आहे. आपल्याकडच्या तात्पुरत्या पत्र्याच्या शाळाखोल्या आठवाव्यात, तितकाच तात्पुरता!

आता पुन्हा पुण्याला. अमेरिकेतून हवा तसा महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच्यात इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती तशी सांगावीच. पण तिची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही: दर पिढीला परमचा प्रोसेसर बदलला. ट्रान्सप्युटर पुढे बाजारातूनच गेले. १९९८ चा ‘परम १००००’ सनच्या अल्ट्रास्पार्कवर, म्हणजे तिथे एल्फ आणि स्पार्कचा क्रमांक. २००३ मध्ये जगातल्या पहिल्या ५०० च्या यादीत १७१ वा आलेला ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर४ वर होता आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम एआयएक्स. तिथे एल्फच नाही. एआयएक्सचा साचा निराळाच, एक्सकॉफ. २००८ च्या ‘परम युवा’वर इंटेल झिऑन, लिनक्स, क्रमांक ६२. २०१३ च्या ‘परम युवा २’मध्ये तर एकाच पेटीत दोन भाषा नांदत होत्या: झिऑनचा ६२ आणि सोबतच्या झिऑन फाय कार्डाचा १८१.

म्हणजे ‘परम १००००’वर तयार केलेली फाइल ‘पद्म’वर जशीच्या तशी चालणं शक्यच नव्हतं. ज्याच्याकडे फोरट्रानमधला मूळ मजकूर होता, त्याने तो पुन्हा कंपाइल केला. ज्याच्याकडे नुसती तयार फाइल असेल, त्याच्या हातात फक्त बाइट उरले. माझ्या मते परमच्या इतिहासातली खरी कमाई कुठल्याच यंत्रात नाही. मूळ मजकूर जपून एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याची जी सवय तिथल्या माणसांना लागली, ती कमाई.

आणि ६२? एल्फच्या यादीत तो एएमडीच्या नावाने नोंदलेला आहे. इंटेलचा भविष्याचा घोडा होता इटॅनियम, क्रमांक ५०. एएमडीने २००३ मध्ये जुन्या ३८६ च्या आज्ञाच ६४ बिटांपर्यंत वाढवल्या आणि इंटेललाही शेवटी त्याच वाटेने यावं लागलं. इटॅनियमचा सगळा कोड २०२३ च्या अखेरीस लिनक्समधून काढला गेला. म्हणून ‘प्रत्युष’ आणि ‘अर्का’ यांचा क्रमांक एकच.

तुमच्या हातातला फोनही याच यादीत आहे. अँड्रॉइडखाली लिनक्सच असतं. जुन्या ३२ बिटी एआरएमचा क्रमांक ४०, ६४ बिटीचा १८३. ६४ बिटी कर्नलमध्ये ४० स्वीकारणारी एक जादा खिडकी ठेवलेली असते. ती उघडी ठेवायची की नाही, हे फोन बनवणारा ठरवतो. २०२२ च्या पिक्सेल ७ ने फक्त ६४ बिटी अ‍ॅप घेतले. फोनवर बहुतेक वेळा इन्स्टॉलरच आधी अडवतो, त्यामुळे एल्फचं नाव तुमच्या कानावर येत नाही. पण मोठ्या भावाचा जुना फोन वापरणाऱ्याला किंवा मित्राकडून अ‍ॅपची फाइल घेणाऱ्याला ‘अ‍ॅप इन्स्टॉल झालं नाही’ एवढंच दिसतं, तेव्हा कारण अनेकदा हेच असतं. दोष ना फोनचा, ना फाइलचा. दोघांचे गट नंबर वेगळे, इतकंच. हवामानाच्या अ‍ॅपलाही यातून सुटका नाही.

रिस्क-व्हीचा क्रमांक २४३. हा आज्ञासंच कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या लिनक्स ४.१५ पासून कर्नलमध्ये त्याला जागा आहे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ याच आज्ञासंचावरचा, आणि सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राचा ‘वेगा’ही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रोसेसरवर आपले प्रोग्रॅम वाहून नेणाऱ्या संस्थेने स्वतःचा प्रोसेसर केला, तेव्हा त्यासाठी नवा क्रमांक मागायला कुठल्याही समितीकडे जावं लागलं नाही. तो यादीत आधीच होता.