मुलांना प्राण्यांचा अधिवास कसा समजावून सांगावा?

एखाद्या सजीवाला अन्न, पाणी, निवारा आणि पिल्ले वाढवायला जागा जिथे मिळते, तो परिसर म्हणजे त्याचा अधिवास. मुलांना तो बहुधा 'प्राण्यांची घरे' या तक्त्यातून भेटतो: सिंहाची गुहा, पक्ष्याचे घरटे, सापाचे बीळ. तक्ता पाठ करायला सोपा, पण दिशाभूल करणारा. गीरचा सिंह झुडपांच्या सावलीत विसावतो. बहुतेक पक्ष्यांचे घरटे अंडी-पिल्लांपुरतेच असते. नाग तर स्वतः बीळ खणतही नाही, उंदराच्या बिळात किंवा वारुळात शिरतो.

महाराष्ट्रात तिसरीपासून 'परिसर अभ्यास' हा विषय असतो. त्याआधीच्या वयात व्याख्या नको, ओळखीचा एक प्राणी पुरे. पावसाळ्यात बेडूक सर्वांत सोयीचा. तो अंडी पाण्यात घालतो, त्यातून निघणारे शेपटीवाले पिल्लू कल्ल्यांनी श्वास घेते, मोठा बेडूक जमिनीवर येऊन किडे खातो. म्हणजे त्याला डबके हवे आणि काठचे गवतही हवे. 'डबके बुजवले तर काय होईल?' असे विचारून थांबावे. उत्तर मुलांना शोधू द्यावे.

दुसरे उदाहरण माळरानाचे. ते मुद्दाम घ्यावे, कारण इथे मोठ्यांचीही चूक होते. टिटवी खड्यांमध्ये, उघड्या जमिनीवर ठिपकेदार अंडी घालते. माळढोक तर बहुधा एकच अंडे घालतो, तेही जमिनीवरच. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. अशा पक्ष्यांना दूरवर दिसणारे मोकळे गवताळ रान लागते. उत्साहाने तिथे दाट झाडे लावली, तर त्यांची जागाच जाते. 'झाडे लावा' इतकेच शिकलेल्या मुलाला माळ ओसाड वाटतो. झाड लावण्याआधी तिथे आज कोण राहते हे पाहायला शिकवणे, हा या विषयातला खरा धडा.

निरीक्षण लांबूनच करावे. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, की अंडी जवळच आहेत असे समजून मागे फिरावे. उडायला शिकणारे पिल्लू जमिनीवर दिसले, की मुले कळवळून ते घरी आणतात. बहुतेक वेळा त्याचे आईवडील आसपासच असतात. जखम दिसत नसेल तर पिल्लू तिथेच राहू द्यावे, फक्त कुत्र्या-मांजरांना दूर ठेवावे.