लघुप्रतिकृतींचे विषय : लोकप्रियतेचा एक विचार

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने पहिल्या बनावटीचे ‘टायगर’ रणगाडे सुमारे १,३५० बांधले. अमेरिकेचे ‘शर्मन’ जवळजवळ ५०,००० झाले, आणि सोव्हिएत रशियाचे ‘टी-३४’ केवळ युद्धकाळातच ५०,००० हून अधिक. युद्ध कोणी जिंकले हे सांगावयास नकोच. असे असता, प्लॅस्टिकचे सुटे भाग जुळवून लघुप्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टांच्या फडताळांत पराभूत पक्षाच्या या तुरळक रणगाड्याने आजवर मानाची जागा अडविली आहे. आमच्या एका विद्यार्थ्यास टायगरचे सर्व उपप्रकार मुखोद्गत होते. टी-३४ किती बांधले गेले हे विचारता तो गप्प राहिला.

या विषमतेचे कारण बहुधा मनोवृत्तीत शोधले जाते. शत्रूच्या शस्त्राचे आकर्षण, दुर्मिळाचा मोह, आकृतीचा रुबाब, ही कारणे खोटी नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. छांदिष्ट निवड करतो ती दुकानात मांडलेल्या खोक्यांतून, आणि कोणती खोकी मांडावयाची हे त्यापूर्वीच कारखान्यात ठरलेले असते. लोकप्रियतेचा इतिहास लिहावयाचा तर तो तेथून आरंभिला पाहिजे.

पाणिनीने प्रतिकृती या अर्थी ‘क’ प्रत्यय सांगितला आहे. घोड्याची प्रतिकृती ती ‘अश्वक’. पुढे तो असेही सांगतो की, जी प्रतिमा उपजीविकेचे साधन आहे परंतु विकावयाची नाही, तिच्या नावातून हा प्रत्यय लुप्त होतो. म्हणजे विक्रेय आणि अविक्रेय प्रतिमांमधील भेद व्याकरणकारासही दखल घेण्याजोगा वाटला होता. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, या प्रश्नाचे उत्तर एवढ्याने मिळावे. येथे विचार करावयाचा आहे तो विक्रेय ‘अश्वकां’चा.

विमानापासून आरंभ करू. एक इंच म्हणजे सहा फूट, अर्थात १/७२, हे प्रमाण इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात लाकडी विमानांच्या संचांनी रूढ केले. या प्रमाणात सहा फुटी माणूस इंचभर उंचीचा होतो, ही त्यातील सोय. १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्लॅस्टिकचे संच निघाले तेही याच प्रमाणात. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांकडून ५० प्रकारच्या विमानांच्या एकूण पाच लक्ष प्रतिकृती मागविल्या. आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांस ओळखता यावे हा त्यामागील हेतू होता, आणि प्रमाण पुन्हा १/७२ होते. अशा रीतीने विमान हा विषय आणि त्याचे प्रमाण, दोन्ही एका पिढीच्या हातांस युद्धातच सरावाची झाली. ‘एअरफिक्स’ने १९५० नंतरच्या दशकात ‘स्पिटफायर’चा संच काढला तेव्हा गिऱ्हाईक तयार होते. तो संचही ‘ऑरोरा’ या अमेरिकन कंपनीच्या मोठ्या स्पिटफायरची लहान केलेली नक्कल होता. म्हणजे मूळ विमानाची प्रतिकृती नव्हे, तर प्रतिकृतीची प्रतिकृती! १९४० च्या ब्रिटनच्या हवाई लढाईत ‘हरिकेन’ विमाने संख्येने अधिक होती व शत्रूची विमाने पाडण्याचे श्रेयही त्यांच्याकडे अधिक जाते. परंतु खेळण्याच्या दुकानातील कीर्ती स्पिटफायरच्या वाट्यास आली.

रणगाड्यांची कथा याहून बोधप्रद आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया ही पेढी मूळची लाकडाची. १९६० मध्ये तिने ‘यामातो’ या युद्धनौकेचा प्लॅस्टिकचा संच काढला. प्रतिस्पर्ध्याच्या स्वस्त यामातोपुढे त्याचा टिकाव लागला नाही. त्यानंतर जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचा मोटरवर चालणारा संच आला आणि पेढी सावरली. या पँथरचा आकार कोणत्याही गणिताने ठरलेला नव्हता. पोटात बॅटऱ्या मावाव्यात एवढीच अट होती. यशानंतर इतर देशांचे रणगाडेही त्याच प्रमाणात काढावेत असे ठरले; तेव्हा पँथर मोजून पाहण्यात आला आणि तो मूळ रणगाड्याच्या सुमारे १/३५ भरला. हा विलक्षण अंक आज जगभर रणगाड्यांचे प्रमाण म्हणून रूढ आहे. त्याचा उगम बॅटरीच्या लांबीत आहे, हे जुळवणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असावे.

पहिला यशस्वी संच जर्मन निघाला, म्हणून त्याच्या जोडीस जर्मन सैनिक, जर्मन तोफा, जर्मन वाहने येणे ओघानेच आले. मोजमापांचाही प्रश्न होताच. पकडलेले जर्मन रणगाडे मेरीलँडमधील अॅबरडीन येथे त्या काळी पाहावयास मिळत. १९४३ मध्ये ट्युनिशियात हाती लागलेला टायगर इंग्लंडात बोव्हिंग्टन येथे आजही आहे. पराभूताची दप्तरे विजेत्यांनी उघडली. सोव्हिएत कारखान्यांची दप्तरे मात्र बंद राहिली. पराभवामुळेच जर्मन यंत्रे मोजण्यास सुलभ झाली, असे म्हणावयास हरकत नाही. पूर्व आघाडीवर सोव्हिएत सैन्याने सोसलेली अपरिमित मनुष्यहानी तरुण वाचकाच्या कल्पनेत धूसर का राहते, याची अनेक कारणांपैकी एक कारण या मोजपट्टीत आहे, असे मला वाटते.

मूळ वस्तूच नसली तर काय होते, याचे उदाहरण त्याच शिझुओकात घडले. १९७९ मध्ये सुरू झालेली ‘गंडाम’ ही दूरचित्रवाणीमालिका पुरेसा प्रेक्षक न लाभल्याने १९८० च्या आरंभी आटोपती घेण्यात आली. त्याच वर्षी जुलैत ‘बांदाई’ने तिच्यातील यंत्रमानवाचा संच ३०० येनांस विकावयास काढला आणि मालिकेस दुसरे आयुष्य मिळाले. त्याचे प्रमाण १/१४४, म्हणजे विमानांच्या १/७२ ची निमपट. जो १८ मीटरचा यंत्रमानव कधी अस्तित्वातच नव्हता, त्याचेही प्रमाण काटेकोर सांगण्यात आले.

आपल्याकडील दिवाळीतील किल्ल्यास प्रमाण नसते. मावळा बुरुजाहून उंच असतो आणि त्याचे कोणास वैषम्य वाटत नाही. दगडमातीचा तो किल्ला विकण्यासाठी नसल्याने मुले त्याला हवा तो आकार देतात. सिंहासनावरील शिवाजी महाराज, मावळे, वाघ, गवळण ही चित्रे मात्र बाजारातून येतात व ती साच्यातील असतात. दिवाळी सरली की किल्ला मोडला जातो. चित्रे खोक्यात भरून पुढील वर्षासाठी माळ्यावर ठेवली जातात.