मासळीचा काटा

आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून मुंबईचा समुद्र रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आमच्यापैकी बऱ्याच जणांना अजून 'औरंगाबाद'च तोंडात येते, पण ते असो. अशा ठिकाणी बसून मासळीवर लिहायला घेतले, की 'तुम्हा घाटावरच्यांना काय कळते हो माशांतले?' असे कोकणातले व्याही म्हणणारच. म्हणोत बापडे. मी लिहिणार आहे ते माशाच्या चवीबद्दल नाही, मासा विकणाऱ्याच्या जबाबदारीबद्दल. हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो फार जुना आहे.

शाळेत आपण सम्राट अशोक शिकतो तो कलिंगाच्या लढाईपुरता आणि रस्त्याकडेच्या झाडांपुरता. त्याचा पाचवा स्तंभलेख मात्र सहसा शिकवला जात नाही. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाली असताना, म्हणजे इसवी सनापूर्वी २४३ च्या सुमारास, त्याने तो कोरवला. कोणते प्राणी मारू नयेत याची यादी त्यात आहे आणि माशांसाठी वेगळे कलम आहे. ठराविक पौर्णिमांच्या आगेमागे आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, असा त्याचा आशय. अशोकाचा हेतू अहिंसेचा होता, मासे टिकवण्याचा नव्हे, हे खरे. पण बंदी नुसत्या कोळ्यावर न घालता विक्रीवरही घातली पाहिजे, ही व्यवहाराची समज सव्वादोन हजार वर्षांपूर्वी त्या राज्यकारभारात होती. विकत घेणाराच नसेल तर जाळे टाकतो कोण?

आपल्या मराठवाड्याशी संबंधित दुसरा दाखला बाराव्या शतकातला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या उमरग्याच्या पलीकडे. राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत मासेमारीवर एक स्वतंत्र भाग त्याने लिहिला. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, कुणाला कोणते खाद्य आवडते, हे सगळे त्यात आहे. म्हणजे दख्खनच्या मधोमध बसलेल्या राजालासुद्धा मासा कुठला हे ठाऊक होते. आज आपण थंडगार काचेच्या पेटीतला मासा घेतो आणि तो वेरावळचा, रत्नागिरीचा की आंध्रातल्या तळ्यातला, हे आपल्यालाही माहीत नसते आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही नसते.

किनाऱ्यावर राजाज्ञेची फारशी गरज पडली नाही. पावसाळ्यात होड्या ओढून घ्यायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा समुद्रात जायचे, असा रिवाजच होता. खवळलेल्या दर्याची भीती हे त्याचे उघड कारण. पण त्याच काळात अनेक जातींचे मासे अंडी घालतात, त्यामुळे त्यांना आपोआप उसंत मिळे. महाडजवळ वाळणकोंड आहे. तिथे काळ नदीच्या डोहात देवीचे म्हणून मासे राखले जातात, त्यांना कुणी मारत नाही. श्रद्धेने जे सांभाळले ते पुढे कायद्याने सांभाळावे लागले.

याचे कारण यंत्र. १९५२ साली भारताने नॉर्वेच्या मदतीचा करार केला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा भागात यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प उभा राहिला. पुढे इंजिनाच्या होड्या आणि समुद्राचा तळ खरवडून काढणारी ट्रॉल जाळी सगळ्या किनाऱ्यावर पसरली. हेतू चांगला होता. देशाला अन्न हवे होते, कोळ्याला चार पैसे हवे होते. पण दोन पिढ्यांत समुद्र दमला. महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची झाली. २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला 'राज्य मासा' हा मान मिळाला. मान कसला म्हणा, तो सावधगिरीचा इशाराच होता. पालघर जिल्ह्यातले सातपाटी पापलेटसाठी नावाजलेले गाव, आणि तिथल्याच मच्छीमारांनी पापलेट वाचवा म्हणून आवाज उठवला होता. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले. त्याहून लहान मासा पकडायचा नाही.

तळहाताएवढाही न झालेला पापलेट पकडला, तर त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. हे म्हणजे बियाण्याची ज्वारी दळून खाण्यासारखे. आपल्याकडे दुष्काळातसुद्धा शेतकरी बियाण्याचे पोते शेवटपर्यंत राखतो.

असे न राखल्याने काय होते ते कॅनडाने दाखवले. १४९७ मध्ये जॉन कॅबट न्यूफाउंडलंडकडे पोहोचला तेव्हा तिथे टोपली बुडवली तरी कॉड मासा निघतो, अशी वार्ता युरोपात गेली. सुमारे पाचशे वर्षे त्या माशावर गावे जगली. मग मोठमोठ्या कारखानी जहाजांनी असा उपसा केला, की जुलै १९९२ मध्ये सरकारला मासेमारी बंद करावी लागली. हजारो लोक एका दिवसात बेकार झाले. बंदी दोन वर्षांची म्हणून घातली होती, ती उठायला २०२४ उजाडले. एखादी पिढी आयटीआयला जाऊन दुसरा धंदा शिकेल हो, पण गावाचे गावपण कुठून आणायचे?

त्या धक्क्यातून एक वेगळी वाट निघाली. युनिलिव्हर ही तेव्हा गोठवलेल्या माशांची बडी खरेदीदार कंपनी. तिने जागतिक निसर्ग निधीशी हातमिळवणी करून १९९७ मध्ये लंडनला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल स्थापन केली. समुद्र न ओरबाडता पकडलेल्या माशाला प्रमाणपत्र द्यायचे आणि दुकानदारांनी तोच मासा मांडायचा, ही कल्पना. २००६ मध्ये वॉलमार्टने काही वर्षांत असाच मासा विकण्याचे जाहीर केले. पुढे त्यांनी इतर प्रमाणपत्रेही ग्राह्य धरली. ही पद्धत निर्दोष नाही. प्रमाणपत्राचा खर्च लहान मच्छीमाराला झेपत नाही, हा आक्षेप रास्तच आहे.

तरी आपल्या देशात एक उदाहरण आहे. केरळातल्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना (आपल्या तिसऱ्यांचे भाऊबंद) २०१४ मध्ये हे प्रमाणपत्र मिळाले, भारतात पहिले. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपले काढणे बंद ठेवले, जाळ्याच्या भोकांचे माप ठरवले आणि किलोत १४०० पेक्षा जास्त नग भरतील इतके बारीक मांस निर्यात करायचे नाही असा नियम केला. हा शेवटचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. तो व्यापाऱ्याच्या काट्यावर लागतो. आणि गंमत पाहा, हे सरोवर जिथे समुद्राला मिळते तिथेच ते नीण्डकरा आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिराजींच्या हस्ते जायकवाडीचे लोकार्पण झाले आणि पैठणला आपल्या घरचाच समुद्र आला. नाथसागरातले राहू, कटला, मरळ शहरात येतात, भोई बांधवांचे पोट त्यावर चालते. शिवाय बर्फातून समुद्राची मासळी येते, आणि आता किराण्याच्या मोठ्या दुकानांत व मोबाइलवरून पाकीटबंद मासेही मिळतात. कोळीणबाईला निदान विचारता यायचे, 'काय गं मावशी, कुठली आहे मासळी?' पाकिटाला काय विचारणार?

म्हणून या दुकानदारांनी काही साध्या गोष्टी कराव्यात असे मला वाटते. माशाचे मराठी नाव आणि तो कोणत्या बंदरावर किंवा धरणावर उतरला ते पाटीवर लिहावे. ठरलेल्या मापाहून लहान मासा माल म्हणून स्वीकारूच नये. जून-जुलैत मासा गोठवलेला असेल, पूर्व किनाऱ्यावरून आलेला असेल (तिकडची बंदी १४ जूनला संपते) किंवा तळ्यातला असेल, तर तसे सांगावे. बंदी असलेला थाई मांगूर दारात उभा करू नये. आणि फक्त पापलेट-सुरमईच्या मागे न लागता आपल्या भागातली मासळी पुढे मांडावी, म्हणजे भोयालाही भाव मिळेल.

कुणी म्हणेल, बारीक मासा स्वस्त असतो, गरिबाने खायचे काय? याचे उत्तर सोपे आहे. मांदेली, जवळा हे जातीनेच लहान, ते खुशाल खावेत. लहान असणे वेगळे आणि लहानपणीच मारले जाणे वेगळे, हे शिक्षकाला निराळे सांगावे लागत नाही.

कायदा समुद्रावर सगळीकडे पोहोचत नाही, गस्तीच्या बोटी किती असणार? पण प्रत्येक मासा शेवटी कुणाच्या तरी काट्यावर येतोच. तिथे उभा असलेला माणूस 'हा मी घेत नाही' म्हणाला, की ते जाळ्यापर्यंत ऐकू जाते. आणि त्याने तसे म्हणावे असे वाटत असेल, तर काट्याच्या अलीकडे उभे असलेल्या आपण आधी विचारायला हवे. पिशवी पुढे करण्यापूर्वी दोनच प्रश्न: कुठला? आणि केवढा?