फलन-चिन्हांकन : व्यवहारातील वाचन

एका राशीची किंमत ठरली की दुसरीची किंमत एकमेव ठरते, अशा संबंधाला गणितात फलन म्हणतात. हा संबंध फ(क्ष) असा लिहितात. योहान बेर्नुली यांनी १७१८ मध्ये फलनासाठी अक्षर वापरले, पण कंसाविना. कंसासह लिहिण्याची पद्धत लिओनार्ड ऑयलर यांच्या १७३४ च्या सुमाराच्या लेखनात आढळते. कंसातील राशी म्हणजे स्वतंत्र चल. संपूर्ण फ(क्ष) म्हणजे त्यावरून मिळणारी किंमत. येथे फ आणि क्ष यांचा गुणाकार नसतो.

शाळेत किमती काढण्याचा सराव भरपूर होतो, चिन्ह वाचण्याचा मात्र फारच थोडा. व्यवहारात खरे काम वाचण्याचेच असते. त्यासाठी कोयना धरणाचे उदाहरण सोयीचे आहे, कारण त्याची पातळी आणि साठा पावसाळ्यात रोज वृत्तपत्रांत छापून येतात. समुद्रसपाटीपासून मोजलेली जलाशयाची पातळी प फूट असताना साठा स(प) टीएमसी आहे, असे मानू. मग स(२१६३.५) = १०५.२५ याचा अर्थ असा : पाणी २१६३ फूट ६ इंचांवर असते तेव्हा धरणात १०५.२५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, पाणी असते आणि धरण पूर्ण भरलेले असते. कंसातला आकडा फुटांचा, उजवीकडचा टीएमसीचा. एकके सोडून वाचले तर विधान अपुरेच राहते.

सर्वांत जास्त गफलत होते ती स(१००) आणि स(प) = १०० यांत. दुसऱ्यात प्रश्न आहे : साठा १०० टीएमसी होतो तेव्हा पातळी किती? पहिल्यात पातळीच १०० फूट धरली आहे. समुद्रसपाटीपासून १०० फूट ही उंची नदीच्या तळाच्याही कितीतरी खाली पडते, म्हणून ती या फलनाच्या प्रांतात बसत नाही. प्रांत येथे सूत्रावरून ठरत नाही, दरीच्या तळावरून आणि दरवाजांच्या उंचीवरून ठरतो.

स(प + १) − स(प) म्हणजे पातळी एक फुटाने चढल्यावर वाढणारे पाणी. दरी वर रुंदावत जाते, म्हणून तळाजवळचा एक फूट थोडे पाणी धरतो आणि काठाजवळचा पुष्कळ. स(प + १) च्या जागी स(प) + १ लिहिणारा विद्यार्थी फुटात टीएमसी मिसळत असतो. एकके शेजारी लिहिली की चूक त्याची त्यालाच दिसते.

१ जूनपासून, म्हणजे कोयनेचे तांत्रिक वर्ष सुरू झाल्यापासून, द दिवसांनी असलेली पातळी प(द) मानली तर त्या दिवशीचा साठा स(प(द)) होतो. हे संयुक्त फलन आतून बाहेर वाचावे : दिवसावरून पातळी, पातळीवरून साठा. त्याला थोडक्यात ज(द) म्हणू. ज(द + १) − ज(द) = १ असेल तर त्या चोवीस तासांत साठा एक टीएमसीने वाढला, म्हणजे आवक विसर्गापेक्षा सरासरी सुमारे ११,५७४ क्युसेकने जास्त होती. हाच फरक ऋण आला तर धरण उतरते आहे.

व्यस्त फलनाचा प्रश्नही येथे स्वच्छ दिसतो. पातळी चढते तसा साठा वाढतच जातो, म्हणून साठ्यावरून पातळी निश्चित सांगता येते. साठ्यावरून तारीख मात्र सांगता येत नाही : ८० टीएमसी साठा धरण भरताना पावसाळ्यात असतो आणि पुढे पाणी वापरले जाताना पुन्हा असतो. ज(द) = ८० याला दोन उत्तरे मिळू शकतात; ‘धरण भरत असताना’ ही अट घातली की एक उरते. जुलैत पाऊस ओसरून साठा खालीवर झाला, तर एवढी अटही पुरत नाही.

पातळी-साठा संबंध अभियंते सूत्राने नव्हे, सर्वेक्षणावरून केलेल्या तक्त्याने मांडतात. फलन असण्यासाठी सूत्र लागत नाही, प्रत्येक किमतीला नेमका एकच निकाल देणारा नियम पुरतो. डिरिक्ले यांनी १८३७ मध्ये फलनाची कल्पना अशीच सैल केली होती. जलाशयात गाळ साचत गेला की त्याच पातळीला पूर्वीपेक्षा कमी पाणी मावते, म्हणून स हा तक्ता कोणत्या सर्वेक्षणाचा, हेही त्याच्याबरोबर नोंदवावे लागते.