बरगड्यांचा मुका मार : एक्स-रे निर्दोष, तरी वेदना का?

स्नानगृहात पाय घसरून बादलीच्या काठावर आदळणे, लोकलच्या गर्दीत कोणाचे कोपर बसणे, दुचाकीचे हँडल छातीत लागणे... अशा वेळी वरून जखम दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र साधी शिंक आली तरी कळ उठते. एक्स-रेमध्ये काही आढळत नाही आणि 'नुसता मुका मार आहे' असे सांगून रुग्णाची बोळवण होते. तीन आठवड्यांनंतरही दुखणे हटले नाही, की घरात काळजी सुरू होते.

छातीच्या पिंजऱ्यात बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. वरच्या ७ जोड्या कूर्चेने थेट उरोस्थीला जोडलेल्या असतात, त्यांखालच्या ३ वरच्या कूर्चेच्या आधाराने राहतात, तर शेवटच्या २ पुढून मोकळ्याच असतात. बरगड्यांमधील स्नायू ताणला जाणे, कूर्चेजवळचे अस्थिबंध लचकणे किंवा हाडाला बारीक चीर जाणे, या तिन्हींच्या वेदना जवळपास सारख्याच. स्नायू आणि कूर्चेची इजा साध्या एक्स-रेत दिसत नाही. बारीक चीरही अनेकदा निसटते. तेव्हा एक्स-रे निर्दोष म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. किरकोळ इजेत उपचार सारखेच असल्याने सीटी स्कॅनचा हट्टही बहुधा अनाठायी ठरतो.

मुरगळलेल्या घोट्याला विश्रांती देता येते. बरगड्यांना ती सवलत नाही. मिनिटाला १२ ते २० श्वास धरले, तरी दिवसाकाठी १७ हजारांहून अधिक वेळा त्या हलतात. म्हणूनच लचक भरून येण्यास साधारण २ ते ६ आठवडे लागतात, हाडाची चीर असल्यास त्याहूनही अधिक.

खरा धोका वेगळाच आहे. दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. वृद्ध, दमेकरी व धूम्रपान करणाऱ्यांना ही भीती अधिक. छाती पट्ट्याने आवळून बांधण्याची जुनी पद्धत याच कारणाने मागे पडली, पण घरोघरी ती अजून सुटलेली नाही. 'गोळ्यांची सवय नको' म्हणून वेदना सोसण्यातही येथे शहाणपण नाही. पॅरासिटामॉलसारखे वेदनाशामक योग्य मात्रेत घेतल्यानेच दीर्घ श्वास घेता येतो. आयब्युप्रोफेन मात्र मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण वा रक्त पातळ करण्याची औषधे असल्यास डॉक्टरांना विचारल्याविना नको.

जागेपणी दर तासाला ८-१० दीर्घ श्वास घ्यावेत. खोकताना दुखऱ्या जागी उशी दाबून धरावी. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावावा. जोरकस मालीश किंवा 'हाड बसवून घेणे' टाळावे, कारण चीर गेलेले हाड त्याने सरकू शकते.

धाप लागणे, वेदना वाढत जाणे, ताप व हिरवट-पिवळा कफ, थुंकीत रक्त, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे (प्लीहेला इजा झाल्याचे ते लक्षण असू शकते) यांपैकी काहीही आढळल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. छातीवर दडपण येऊन घाम फुटला, कळ हातात वा जबड्यात गेली, तर मुका मार समजून थांबू नये. 'दाबल्यावर दुखते, म्हणजे हृदयाचे नाही' हा ठोकताळा नेहमीच खरा नसतो. अशा वेळी महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.