द्रोणाचार्य

महाभारतातील कौरव-पांडवांचा शस्त्रगुरू आणि भीष्मानंतरचा कौरवांचा सेनापती. भरद्वाज ऋषींचा हा पुत्र. याचा जन्म द्रोण नावाच्या यज्ञपात्रातून झाला, अशी कथा आदिपर्वात आहे. अग्निवेशाकडून याने अस्त्रविद्या घेतली. पांचाल राजपुत्र द्रुपद हा बालमित्र. कृपाचार्यांची बहीण कृपी ही पत्नी व अश्वत्थामा हा एकुलता एक मुलगा. परशुराम सर्वस्व दान करत आहे असे कळल्यावर द्रोण द्रव्याच्या आशेने गेला, पण धन वाटून झाले होते. तेव्हा त्याने अस्त्रे मागून घेतली.

पुढच्या साऱ्या चरित्राला दारिद्र्याची धार आहे. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून अश्वत्थामा रडू लागला, तेव्हा इतर पोरांनी पाण्यात पीठ कालवून त्याला पाजले आणि तो दूध प्यायलो म्हणून नाचू लागला. (हे पीठपाणी आईने दिले, असे नंतरच्या कथनांत येते.) ही थट्टा जिव्हारी लागून द्रोण द्रुपदाकडे गेला. मैत्री बरोबरीच्यांत असते, राजा आणि दरिद्री यांच्यात नाही, असे सांगून द्रुपदाने त्याला वाटेला लावले. द्रोण हस्तिनापुरास आला. तेथे विहिरीत पडलेली राजपुत्रांची विटी त्याने गवताच्या काड्या एकीत एक रोवून वर काढली, आणि भीष्माने त्याला राजगुरू नेमले. शिक्षण संपल्यावर त्याने शिष्यांकडून गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदालाच बांधून आणवले. अहिच्छत्रासह उत्तर पांचाल स्वतःकडे ठेवून दक्षिण भाग त्याने द्रुपदास परत दिला. द्रुपदाने मग द्रोणवधासाठी यज्ञ केला. त्यातून जन्मलेल्या धृष्टद्युम्नाला दैव टळत नाही म्हणून द्रोणानेच शस्त्रविद्या शिकवली.

एकलव्य प्रकरण हा या व्यक्तिरेखेवरचा सर्वांत मोठा आक्षेप. एकलव्य हा निषादराज हिरण्यधनूचा मुलगा. निषाद असल्यामुळे आणि इतर शिष्यांचा विचार करून द्रोणाने त्याला नाकारले. त्याने द्रोणाची मातीची मूर्ती करून वनात एकट्याने अभ्यास केला. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात एकाच वेळी मारलेले त्याचे सात बाण पांडवांनी पाहिले. तुझ्याहून श्रेष्ठ शिष्य होणार नाही, या द्रोणाने दिलेल्या वचनाची अर्जुनाने त्याला आठवण करून दिली. द्रोणाने दक्षिणा म्हणून उजवा अंगठा मागितला आणि एकलव्याने तो हसतमुखाने कापून दिला. त्यानंतर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीचा वेग उरला नाही. महाभारतकारांनी ही मागणी ‘दारुण’ म्हटली आहे, त्यामुळे तिच्या समर्थनाला मूळ ग्रंथाचा आधार शोधणे कठीण. गुरूपेक्षा येथे राजघराण्याचा पगारी आचार्य बोलतो. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना चालू असताना तो गप्प राहिला, त्यामागेही हेच बंधन दिसते. युद्धारंभी आशीर्वाद मागायला आलेल्या युधिष्ठिराला त्याने तशी कबुलीच दिली: माणूस अर्थाचा दास आहे, आणि कौरवांनी मला अर्थानेच बांधले आहे.

भीष्म पडल्यावर अकराव्या दिवसापासून पाच दिवस द्रोणाने सेनापतिपद सांभाळले. युधिष्ठिराला जिवंत पकडण्याचे वचन त्याला पाळता आले नाही. तेराव्या दिवशी त्याने रचलेल्या चक्रव्यूहात अर्जुनपुत्र अभिमन्यू सापडला. त्याला निःशस्त्र केल्याशिवाय मारणे शक्य नाही, हा सल्लाही द्रोणाचाच. पंधराव्या दिवशी द्रुपद व विराट त्याच्या हातून पडले. अस्त्रे न जाणणाऱ्या सैनिकांवर तो ब्रह्मास्त्र चालवू लागला, तेव्हा ऋषींनी येऊन त्याला दोष दिला. द्रोणाने शस्त्र टाकावे म्हणून भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारून ‘अश्वत्थामा मेला’ अशी हाळी दिली. द्रोणाचा विश्वास बसेना. त्याने युधिष्ठिराला विचारले. युधिष्ठिराने होकार दिला आणि ‘हत्ती’ हा शब्द अस्पष्ट उच्चारला. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्याच क्षणी खाली टेकला. शस्त्र टाकून योगस्थ बसलेल्या द्रोणाचे मस्तक धृष्टद्युम्नाने कापले; आचार्यांना जिवंत आणा, असे अर्जुन ओरडत होता. पित्याच्या या वधाचा सूड अश्वत्थाम्याने युद्ध संपताच रात्री झोपलेल्या धृष्टद्युम्नाला मारून घेतला.

मराठीत इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रोण आणि अश्वत्थामा या बापलेकांकडे ब्राह्मणधर्म सोडून क्षत्रियाचे जिणे पत्करणारे म्हणून पाहिले आहे. दलित आणि आदिवासी विचारात एकलव्याचा अंगठा हे ज्ञान नाकारले गेल्याचे प्रतीक ठरले. दुसरीकडे, उत्तम क्रीडा प्रशिक्षकांसाठी भारत सरकारने 1985 मध्ये सुरू केलेला पुरस्कार द्रोणाचार्यांच्याच नावाने दिला जातो. पांडवांनी गुरूला दिलेले गाव, या परंपरेवरून हरियाणातील गुडगावचे नाव 2016 मध्ये गुरुग्राम करण्यात आले.