वाद, जल्प आणि वितंडा

‘वितंडवाद’ हा शब्द मराठीत आपण फार सैलपणे वापरतो. मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘वितंडवाद घालू नकोस.’ सभेत एखाद्या सदस्याने नको ती हरकत घेतली की अध्यक्षही तेच म्हणतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या शब्दाला एक इंग्रजी सोबती मिळाला आहे. इंटरनेटवरील संभाषणात जो मनुष्य केवळ दुसऱ्याला डिवचण्याकरिता बोलतो, त्याच्या उद्योगाला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. शब्द मूळचा मासेमारीतला. चालत्या नावेमागे आमिष लावलेली दोरी सोडावयाची आणि मासा गळाला लागेपर्यंत स्वस्थ बसावयाचे, अशी ती रीत. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत यूझनेटवरची मुरलेली मंडळी एखादा शिळा प्रश्न भोळेपणाचा आव आणून टाकीत आणि कोणी नवखा तो आवेशाने सोडवू लागला म्हणजे आपसांत हसत. तेथून हा शब्द रूढ झाला. आज मात्र शिव्या देणारा, धमक्या देणारा, टोळीने तुटून पडणारा आणि केवळ न रुचणारे बोलणारा, या सर्वांना एकाच नावाने हाक मारली जाते. मग ट्रोल म्हणावे तरी कोणाला? या प्रश्नाचा जितका बारकाईने विचार प्राचीन भारतीय नैयायिकांनी केला, तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल.

अक्षपाद गौतमाच्या नावावर असलेली न्यायसूत्रे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आजच्या रूपास आली. ज्यांच्या ज्ञानाने निःश्रेयस लाभते असे सोळा पदार्थ ग्रंथाच्या पहिल्याच सूत्रात सांगितले आहेत. त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पंक्तीला वाद, जल्प, वितंडा, छल, जाती व निग्रहस्थान ही मंडळी बसलेली पाहून वाचक प्रथम चकित होतो. मोक्षाच्या शास्त्रात भांडणाचे काय काम? परंतु त्या काळी वादसभा हा करमणुकीचा प्रकार नव्हता. राजाश्रय, शिष्यपरिवार, कधीकधी एखाद्या पंथाचे त्या राज्यातील वास्तव्यसुद्धा तिच्या निकालावर अवलंबून असे. तेव्हा कोण सत्यासाठी बोलत आहे आणि कोण नुसती सभा उधळावयास आला आहे, हे ओळखण्याची गरज खरीखुरी होती.

गौतमाने चर्चेचे तीन प्रकार केले. दोन्ही पक्ष प्रमाण व तर्क यांच्या आधारे सत्य शोधीत असतील तर तो वाद. जिंकणे हेच उद्दिष्ट असेल आणि त्यासाठी छल-जातींचाही आश्रय केला जात असेल तर तो जल्प. आणि ज्या जल्पात एक पक्ष स्वतःचे काहीच मांडीत नाही, केवळ समोरच्याचे मोडीत बसतो, ती वितंडा.

छलाची उदाहरणे भाष्यकार वात्स्यायनाने दिली आहेत, ती आजही शिळी वाटत नाहीत. ‘हा मुलगा नवकंबल आहे,’ असे कोणी म्हणतो. त्याच्या मनात नवी कांबळी आहे. दुसरा म्हणतो, ‘याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत? मला तर एकच दिसते.’ मळ्यातले ‘मंच ओरडत आहेत’ असे कोणी म्हटले, तर ‘लाकडे कधी ओरडतात काय?’ असे विचारणारा दुसरा छली. बोलणाऱ्याचा आशय पुरता कळलेला असूनही न कळल्याचे सोंग करणे, हे छलाचे मर्म होय. निग्रहस्थाने, म्हणजे जेथे पकडला गेला असता वादी हरला असे समजावे ती स्थळे, गौतमाने २२ सांगितली आहेत. मूळ मुद्दा सोडून भलत्याच विषयावर बोलू लागणे, हे ‘अर्थांतर’. स्वतःवरील दोषाचे निवारण न करता ‘तो दोष तुमच्यातही आहेच की’ असे म्हणणे, ही ‘मतानुज्ञा’. कारण असे म्हणताना आपला दोष कबूलच केलेला असतो. अंगाशी येताच ‘मला दुसरे काम आहे’ म्हणून उठून जाणे, हा ‘विक्षेप’. रात्री मोबाइलवर कोणाशी तरी हुज्जत घातलेल्या माणसाला या तिघांची ओळख करून द्यावी लागू नये.

येथवर लक्षणे झाली. पण खरा पेच वितंडेचा आहे. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ आक्षेप घेणारा मनुष्य प्रामाणिक शंकेखोरही असू शकेल. त्याला खोडसाळापासून निराळे कसे काढावयाचे? वात्स्यायनाने यासाठी एक साधी परीक्षा सांगितली. वैतंडिकाला विचारा, की बाबा रे, तुझे प्रयोजन काय? त्याने प्रयोजन सांगितले तर ते त्याचे मत झाले. ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर आली आणि तो वैतंडिक उरला नाही. त्याने सांगण्याचे नाकारले, तर तो ना व्यवहारी माणसांत बसतो, ना परीक्षकांत. ही परीक्षा मला फार मार्मिक वाटते. तिच्यात भाषेच्या कठोरपणाला स्थान नाही. कडाडून बोलणारा वादी असू शकतो आणि अत्यंत अदबीने बोलणारा वैतंडिक. ‘आपण म्हणता त्याला पुरावा काय?’ असे नम्रपणे विचारीत, मिळालेला पुरावा न वाचताच पुन्हा तेच विचारीत कोणाच्या मागे लागणाऱ्यांना इंग्रजीत २०१४ पासून ‘सी-लायन’ म्हणतात. एका व्यंगचित्रात असा एक सभ्य सागरसिंह होता, त्यावरून हे नाव पडले. शंका फिटली तर हा गृहस्थ थांबेल काय, एवढेच पाहावयाचे. जूडिथ डोनाथ या अभ्यासिकेने १९९९ मध्येच ट्रोलिंगचे वर्णन करताना म्हटले होते, की हा एक खेळ आहे, पण त्यात भाग घेणाऱ्या बहुतेकांची त्याला संमती नसते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात हाच विषय वैद्यांच्या सभेसंबंधाने आला आहे आणि तेथील सूर अधिक व्यवहारी आहे. स्नेहाने बोलण्याची ‘संधाय संभाषा’ व भांडून बोलण्याची ‘विगृह्य संभाषा’ असे दोन भेद करून, दुसऱ्या प्रकारात प्रतिपक्षाला कसे नमवावे याच्या युक्त्याच चरकाने दिल्या आहेत. पाठांतर कमी असलेल्यावर लांबलचक सूत्रांचा मारा करावा, भित्र्याला भिववावे, रागीट माणसाला त्रास देऊन जेरीस आणावे. हे वाचून आपण दचकतो. मात्र त्याच ठिकाणी चरक बजावतो, की अशा संभाषणातून तीव्र वैर उपजते, रागावलेला माणूस काय बोलेल नि काय करील याचा नेम नसतो, आणि शहाणे लोक सज्जनांच्या सभेत कलहाची वाखाणणी करीत नाहीत.

गौतमाचे समर्थन याहून कुशल आहे. कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसे जल्प आणि वितंडा हे सत्यनिश्चयाचे कुंपण, असे तो म्हणतो. बौद्ध आणि जैन तार्किकांना हे मुळीच मानवले नाही. सातव्या शतकातील धर्मकीर्तीने ‘वादन्याय’ ग्रंथात छल-कपटाला सज्जनांच्या वादात जागा नाही, असे ठणकावून सांगितले व निग्रहस्थानांची ती लांब यादी दोनवर आणली. बाराव्या शतकात गुजरातची राजधानी पाटण येथे राहणाऱ्या आचार्य हेमचंद्राने जल्प आणि वितंडा यांना चर्चेचे प्रकार मानण्याचेच नाकारले. शिष्यांना असे कपट शिकविणारा मुनी किती विरक्त म्हणावा, असा टोमणाही त्याने गौतमाला मारला आहे.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. लक्षणे कितीही रेखीव असोत, नाव चिकटविण्याचा अधिकार ज्याच्या हाती त्याच्या सोयीने ते चिकटते. ‘माझी प्रतिज्ञाच नाही, म्हणून माझ्यावर दोष येत नाही,’ असे म्हणणारा नागार्जुन विरोधकांच्या लेखी वैतंडिक ठरला. त्याच्या ‘विग्रहव्यावर्तनी’ची संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायनांना १९३६ साली तिबेटात मिळाली. ती वाचणाऱ्याला तेथे खोडसाळपणा आढळत नाही, आढळते ती विलक्षण शिस्तीची विचारपद्धती. वात्स्यायनाच्या प्रश्नाला तो उत्तर देऊ शकला असता. आपल्या काळातही हे घडले. माहिती-तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली घातलेल्या ६६-अ या कलमाने त्रास वा गैरसोय पोहोचविणारे संदेश गुन्हा ठरविले. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद राहिल्यासंबंधी फेसबुकवर चार ओळी लिहिल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यांतील दुसरीने त्या ओळींना फक्त पसंती दर्शविली होती. ‘त्रास’ म्हणजे काय हे कलमात कोठेच ठरलेले नव्हते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ज्याला राग आला त्याच्या रागावरून बोलणाऱ्याचा हेतू ठरवावयाचा, ही चूक गौतमाने केली नव्हती. जुन्या सभेत जल्प-वितंडेसाठी वादी-प्रतिवादींखेरीज मध्यस्थ लागे, सभापती लागे. निष्कपट वादाला मात्र त्यांची जरुरी नसे. आजची सभा अफाट आहे, तिच्यात वितंडाही उदंड आहे, आणि मध्यस्थाची खुर्ची बहुधा रिकामी असते किंवा यंत्राकडे सोपविलेली असते.

आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास जयराशी भट्ट नावाचा एक पंडित होऊन गेला. ‘तत्त्वोपप्लवसिंह’ या ग्रंथात त्याने प्रत्यक्ष, अनुमान, शब्द अशी एकेक प्रमाणे घेऊन सर्वांचे खंडन केले आणि स्वतःचे असे काहीही स्थापिले नाही. वितंडेचे याहून निर्भेळ उदाहरण संस्कृतात सापडणे कठीण. हा ग्रंथ नष्ट झाला असावा अशीच समजूत होती. १९२६ साली त्याची एक ताडपत्रावरील पोथी पंडित सुखलालजींच्या नजरेस आली आणि १९४० मध्ये ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापून निघाली. पोथी शतकानुशतके जपून ठेवलेली होती ती हेमचंद्राच्याच पाटणात, जैनांच्या ग्रंथभांडारात.